बांधापर्यंत जाणारा रस्ता

गुडगाव,
१५ ऑक्टोबर २००७

प्रिय अलका,

तुझं पत्र पोचलं. स्कूटर विका, गळाचा नाद सोडा आणि कायमचे गावी या, तरच पुन्हा तोंड दाखवीन, असं तू लिहिलंयस. अक्षर तुझं आहे, पण भाषा संग्रामची वाटते. तुझा भाऊ पलटणीत कधी गेला नाही, हुकूम मात्र सुभेदारासारखे सोडतो. माझं उत्तर आधीच सांगतो: नाही. आता राग आवर आणि पुढचं वाच.

इथे सगळं ठीक. मानेसरच्या कारखान्यात टाइम ऑफिसला बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांची हजेरी बघतो. आपल्या खिडकीसमोर आणखी दोन टॉवर उभे राहिले, त्यामुळे ऊन आता नऊला येतं. ड्यूटी संपली की अजूनही सायबर कॅफेत जातो. आकाशातून काढलेला तो नकाशा चौकोनाचौकोनानं उमटेपर्यंत चहा गार होतो. लोकांना त्यात आपल्या घराचं छप्पर बघायचं असतं, मी तळी शोधतो. तुला वाटतं, मी मासे कुठे आहेत ते बघतो. मासे वरून दिसत नाहीत, वेडे. मी रस्ता बघतो. चाकोरी थेट बांधापर्यंत जाते का, तिथे माझी बाजूला जोडचाकं लावलेली स्कूटर वळवायला जागा आहे का, जवळ एखादं झाड आहे का. दोन पायांच्या माणसाला हे बघावं लागत नाही.

पहिलं तळं आठवतं? चांगलं निळंशार, चौकोनी. थालीपिठांचा डबा मांडीवर घेऊन तू मागे बसलीस, आणि तासभर धूळ खाऊन पोचलो तर ते कारखान्याचं निळ्या पत्र्याचं छप्पर! गेटवरच्या गार्डनं माझ्या हातातला गळ बघून विचारलं, “फौजी, यहाँ क्या पकड़ोगे?” तू पोट धरून हसलीस. सुरुंगात पाय गेला तेव्हापासून तुला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी शहाणा झालो. इकडचं पाणी वरून निळं दिसत नाही, शेवाळी नाहीतर काळपट दिसतं.

मग ऑगस्टमधला तो जोहड, इकडच्या गावातलं तळं. नकाशातलं चित्र उन्हाळ्यातलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. चित्रात कोरडी दिसलेली कड पावसानं नुसता चिखल झाली होती. कुबडी रुतली आणि मी छातीभर पाण्यात. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात. बरं झालं, माझा एकच आहे. गावच्या चौघांनी मला खाटेवर घालून वर आणलं. तू पदरात तोंड घालून रडत होतीस आणि मी हसत होतो. यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं गावी गेल्यावर तू तुझ्या आईंना सांगितलंस म्हणे. अलका, सहा वर्षं लोक मला उचलतात, बसवतात, वळवतात. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःच्या चुकीनं पडलो होतो, आणि त्याचाच मला आनंद झाला होता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तू घाबरलेली असताना मी हसत बसलो, याची लाज वाटते. पडल्याची मुळीच वाटत नाही.

गावी आलो तर काय होईल, मला ठाऊक आहे. ओसरीवर खुर्ची, हाताशी पाण्याचा तांब्या, आणि येईल तो ‘बिचारा’ म्हणून जाईल. सगळे माया करतील. त्या मायेची मला सुरुंगापेक्षा जास्त भीती वाटते. तुझ्यावाचून इथे करमत नाही, हेही खरंच आहे. रोज दोघांचा चहा टाकतो आणि दोन्ही कप मीच पितो. पण तेवढ्यासाठी खुर्चीत जाऊन बसणार नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. संग्राम तुला घेऊन अठ्ठावीस तारखेला सामान बांधायला येतोय. फोनवर त्यानं मला कळवलं, विचारलं नाही. मी घरी नसेन. किल्ली शेजारच्या प्रमोदिनीवहिनींकडे ठेवतोय. त्यानं चहा करून प्यावा आणि आल्या पावली परत जावं. मी कुठे असेन, ते सोबतच्या छापील नकाशावर फुली मारून दाखवलंय. तिथे गेले दोन रविवार मी एकटा जाऊन आलोय, कुणाचा हात न धरता. नकाशा संग्रामला दाखवू नकोस, तो तुझ्यासाठी आहे. मला न्यायला येणार असशील तर त्याच्याबरोबर घरीच थांब. नाहीतर सरळ तळ्यावर ये. बाभळीखाली दोघांना बसता येतं, मी बसून बघितलंय.

तुझाच, हट्टी,
विष्णू