सिद्रामचं नाव

सोलापूर, रविवार, १९७४

घसा पार बसलाय. आज मोटारसायकलच्या शर्यतीत मी माइकवर होतो आणि वळणावर आमचा सिद्राम पडला, पाय गाडीखाली सापडला. आयोजक कानाशी म्हणाले, "माइक सोडू नका, लोक मैदानात घुसतील." मी बाकीच्यांची नावं ओरडत राहिलो. इतक्यात सिद्रामची बायको मंचाखाली आली.

"भावजी, ह्यांचं नाव का घेत न्हाई तुमी?"

लोकांना आवरायचं की तिला सांगायचं? शेवटी माइक ठेवला आणि सिद्रामला नेलं होतं त्या दवाखान्यात तिला घेऊन गेलो. आयोजक मागून ओरडले, पुढच्या वेळी दुसरा माणूस बघतो. बघा. किती वर्षं असं ओरडायचं?

पाय मोडलाय. प्लॅस्टर घालून झाल्यावर सिद्रामनं हळूच विचारलं, "पयला कोन आला?"

मी तर शर्यत संपायच्या आधीच माइक ठेवून आलो होतो.