पन्नास आकृत्या

सर, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि आता तुमचा वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक्रम माझ्या हातून बदलला गेलाय, म्हणून लिहायला बसले. आपल्या विषयाकडे आता मुलं फिरकत नाहीत. येतात त्यांतल्या निम्म्यांना खरं तर कॉम्प्युटर हवा असतो. तिथं जागा मिळाली नाही म्हणून ती माझ्या वर्गात बसतात, मान खाली, फोनमध्ये. असंच चाललं तर विषय बंद होईल, असं प्राचार्यांनी सांगितलं. नवा आराखडा मलाच करायचा होता आणि प्रत्येक मुलानं झाड समोर ठेवून हातानं काढायच्या तुमच्या त्या पन्नास आकृत्या वगळायच्या की ठेवायच्या, इथं मी आठवडाभर अडकले होते.

माझी पहिली आकृती तुम्ही सगळ्या प्रयोगशाळेसमोर परत केली होती. तुम्ही टेबलाशी उभे आहात, हाताला खडू लागलेला, आणि म्हणता, "ही पुस्तकातली हाय. तुझ्या हातातल्या फांदीची कुठंय?" मी रडले. मग दुपारभर एकच फांदी काढत बसले. त्या दिवसापासून मला पाहता येतं, असं मी धरून चालले होते.

श्रावणात वर्ग तीर्थपुरीच्या रस्त्याला एका कपाशीच्या शेतात नेला. बांधावरचं एक तण दाखवून मी उभ्याउभ्याच सांगितलं, भुईआवळा. मागच्या एका मुलीनं झाडं ओळखणारं अ‍ॅप उघडून त्यावर फोन धरला. "मॅडम, ह्यो तर दुधी म्हणून राह्यला." मी वाकून देठ तोडला. पांढरा चीक आला, जो भुईआवळ्याला नसतो. दुधीच होती, भाजीतली नव्हे, तणातली. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. ती मुलगी मात्र फोनकडे बघत म्हणाली, "पण त्याला चीक तर दिसलाच न्हाई. मंग त्याला कसं कळलं?"

तोच प्रश्न मलाही पडला. म्हणून मी तिला आणि वर्गाला तेच काम दिलं: आपापल्या शेतातल्या तणांचे फोटो काढा आणि कॉम्प्युटरला ती ओळखायला शिकवा. कसं करायचं ते त्यांनीच मला समजावलं. तिच्या कॉम्प्युटरनं आधी सगळं बरोबर सांगितलं, मग कॉलेजच्या आवारातली दुधी समोर धरली तर भुईआवळा म्हणाला. दोन दिवस ती त्याच्यामागे होती. तिसऱ्या दिवशी आली. "मॅडम, मी दुधीचे सगळे फोटो पाटाच्या कडेला काढल्ते. ओल्या मातीत. त्यानं माती पाह्यली, पान पाह्यलंच न्हाई."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. हे तुमचंच वाक्य होतं का, सर? की मला ते तसं ऐकायचं होतं? पुढच्या खेपेला तिनं गुडघे टेकून फोटो घेतले, पानाचा तळ एका बाजूला झुकलेला असतो हे मला न विचारता सांगितलं. मी आनंदानं कागद पुढे केला, म्हटलं, काढून दाखव. तिला ते पान काढता आलं नाही. दोनदा खोडलं, मग म्हणाली, "मला दिसतंय मॅडम, हातात येऊन न्हाई राह्यलं." आता हिनं पान पाहिलं, की नाही पाहिलं? मी घरी येऊन स्वतः काढून बघितलं. माझंही नीट आलं नाही. कित्येक वर्षांत काढलंच नव्हतं.

काल आराखडा मंजूर झाला. पन्नासऐवजी पाच आकृत्या ठेवल्या. पाचच का, ते मला सांगता येणार नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण कालच्या बैठकीत एका जुन्या प्राध्यापकांनी तुमचं नाव काढून विरोध केला, तेव्हा मी ठामपणे म्हणाले, "सरांना हे आवडलं असतं." त्यांनी विरोध मागे घेतला. सर, मला ते माहीत नव्हतं.