रामीबाईचा चुडा

केनवड,
ता. १२ नोव्हेंबर १९३७

ती. दादांस, चतुराचा सा. न. वि. वि.

डोके ठिकाणावर नाही, म्हणून खुशाली नंतर. तांड्यावरच्या रामीबाईच्या कोपरात बाभळीचा काटा मोडून पू झाला आहे. दंडापर्यंतचा हाडाचा चुडा सुजेत रुतला आहे. तो कापल्याशिवाय मला चिरा देता येत नाही. डॉक्टर मंगळवारी येणार, तोवर हात सडेल. अन् ही म्हणते, मालक जित्ता हाये, मी चुडा काहून उतरवू? समजावून घसा बसला. तिची सासू कमलीबाई तर माझ्या मोकळ्या मनगटांकडे बोट दाखवून म्हणाली, इचा हात लागू देऊ नका. नर्स झाले ती हे ऐकायला!

तिचा नवरा गोविंदसिंग आपल्याच रानात कापसाच्या गाड्या भरतो म्हणे. त्याला धाडा. उद्या सांजेपर्यंत वाट पाहते, मग बाया धरायला लावून चुड्यावर करवत चालवीन.

पत्र गाडीवान पुंजाजीच्या हाती देते. रागावलेल्या बहिणीवर लोभ ठेवा.

चतुरा

रिठद,
ता. १३ नोव्हेंबर

चि. गं. भा. चतुराबाईस दौलतरावाचे आशीर्वाद.

लहानपणी गाय पान्हा सोडेना तर तू गायीवरही चिडायचीस, ते आठवले. गोविंदसिंगला लगोलग धाडतो आहे. तो येईस्तोवर करवत चालवू नकोस. तुझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा चौघींनी तुला धरले होते. तुला कोणी विचारले नाही. मी दारात उभा होतो आणि गप्प बसलो, त्याची लाज अजून गेली नाही.

तब्येत सांभाळ. या भावाला विसरू नकोस.

दौलतराव

केनवड,
ता. १८ नोव्हेंबर

ती. दादांस सा. न. वि. वि.

गोविंदसिंग तुमचे पत्र घेऊन तेरा तारखेच्या सांजेलाच पोचला. मी सकाळीच चुडा कापला होता. ताप चढला, ती बरळू लागली, मी थांबले नाही. दोघींनी धरले. हात वाचला, डॉक्टरांनी शाबासकी दिली. सांजेपर्यंत थांबले असते तर हात गेला असता का? दादा, मला खरेच सांगता येत नाही.

गोविंदसिंगाने माझे पाय धरले. पण रामीबाई जित्या नवऱ्यासमोर ओढणीखाली हात लपवून बसली. जखम भरल्याशिवाय नवा चुडा चढत नाही, आणि तोवर कमलीबाई तिला चुलीला शिवू देत नाही. नवरा समोर बसला आहे, हे मी ओरडून सांगितले. कोण ऐकतो!

परवा पट्टी बदलताना रामीबाईने हळूच विचारले, तुमालेबी असंच धरलं होतं काय? मी हो म्हटले. तेव्हापासून ती आपणहून हात पुढे करते. तोंड मात्र भिंतीकडे असते.

हे वाचूनही माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

चतुरा