दिवसा खाटेवर पडल्याबद्दल

आंधळगाव,
दिवाळीची सुट्टी (म्हणे)

सौ. पंचफुलाताईस,

धाकट्या रश्मीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि आसगावचा धान कसा आहे ते कळव. (खोकल्याचं थोडक्यात कळव.) इकडे सगळे मजेत आहेत आणि त्यांना मजेत ठेवता ठेवता मी मेटाकुटीला आले आहे. फोन केला नाही, कारण माझ्या फोनचा स्पीकर सुरू असल्याशिवाय सासूबाईंना चैन पडत नाही.

सुट्टी लागताना आमच्या मोठ्या बाईंनी सगळ्या शिक्षिकांना बजावलं, यंदा ताण घ्यायचा नाही. दुपारी शांत पडून दीर्घ श्वास घ्यायचा आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. (फोटो नसेल तर श्वास घेतला असं धरणार नाहीत.) मला कल्पना आवडली, पण घरात गावच्या मंडईच्या जत्रेला आलेले पाहुणे. मंडईची दुकानं आणि नाटक एका दिवसाचं, पाहुणे मात्र आठवडाभराचे. एकांचे पोहे होतात तोवर दुसरे उठतात. आमच्या ह्यांनी तर सुट्टीत इतका आराम केला की त्यांची पाठ धरली. ती मीच चोळते.

परवा सगळे जेवून आडवे झाले, तेव्हा मी अंगणातली खाट सावलीला ओढली, साडी सारखी केली, मोबाईल हंड्याला टेकवला आणि डोळे मिटले. पहिला श्वास आत घेतला, तो बाहेर सोडायच्या आत शेजारच्या गोदावरीबाईंनी कुंपणावरून पाहिलं. "अवो, रश्मीबाई पडून राहिल्या वो! काय झालं त्यायले?" सासूबाई धावत आल्या आणि "कालच मले वाटे, इचा चेहरा उतरून राहिला" म्हणून डोळ्याला पदर लावला. (काल त्या माझ्या चेहऱ्याला नाही, भाजीला नावं ठेवत होत्या.) मी ठणठणीत आहे म्हटलं, तर ठणठणीत सून दिवसा पडेल काहून, हे कोणालाच पटेना. बघता बघता अर्धी आळी मला पाहायला आली. कोणी लिंबू आणलं, कोणी अंगारा. पाहायला आलेल्यांना चहा तर द्यायलाच हवा. तो मीच केला. साखर संपली, तीही मीच आणायला गेले, तर दुकानात बाबुलाल विचारतो, "घरी कोन बिमार हाये जी?"

ताई, हसू नकोस. परत येऊन गॅसपाशी उभी राहिले आणि मला खरंच रडू आलं. थकले गं मी. आई होती तेव्हा माहेरी आपण दोघी दुपारभर चटईवर लोळायचो, कोणी काही विचारायचं नाही. तेवढंच हवं आहे, दुसरं काही नको.

भाऊजींना नमस्कार सांग, भाची रुचिताला आशीर्वाद.

तुझी,
रश्मी

ता. क. : खरं कारण आता लिहिते. रविवारी फोन कर आणि स्पीकरवर नीट ऐकू जाईल असं कण्हत सांग की कंबर धरली, रश्मीला पाठवा. मी आले की दार लावून दोघी पडून राहू.

आणखी ता. क. : घात झाला. पाकीट चिकटवताना सासूबाईंनी विचारलं, "ताईले काय लिहून राहिली?" घाबरून तोंडातून निघून गेलं, तिची कंबर धरली म्हणून. आता त्या, हे, उरलेले पाहुणे आणि गोदावरीबाई असे सगळे रविवारी गाडी करून तुला पाहायला निघाले आहेत. (बोललं की तुला कळ येते असं सांगून फोन तेवढा थांबवला आहे.) गावातल्या गोपीचंदची गाडी उद्या तुमच्याच बाजूला, पवनीला जाते, त्याच्या हाती हे पत्र देते. मिळताच खाट धर आणि काही झालं तरी उठू नकोस. सगळ्यांचा चहा-स्वयंपाक तुझ्या घरी मी करीन. दोघींपैकी एकीला तरी आराम मिळू दे. पुढच्या दिवाळीला कंबर माझी धरेल.