सात, दहा की अकरा?

पिंपरी पेंढार, ता. जुन्नर
रविवार, दुपारी

आदरणीय सावळारामभावजी यांना फुलाबाईचा सविनय जय भीम.

आम्ही दोघं बरी आहोत, म्हणजे मी बरी आहे आणि हे दोन वेळा जेवतात. तुमचं कानाचं मशीन दुरुस्त होऊन आलं का? जाऊबाईंचा गुडघा काय म्हणतो? त्यांना म्हणावं, लेकीचं घर असलं तरी चिंचवडची फरशी काही माहेरची नाही, थंडीत अनवाणी फिरू नका. इकडे कांद्याची लागण चालू आहे आणि बायका मिळत नाहीत. मिळाल्या तर आधी रिक्षा पाठवा म्हणतात. फोन असताना मी पत्र का लिहिते, असं तुम्ही म्हणाल. मागच्या खेपेला मी तुमच्याशी अर्धा तास फोनवर बोलले. प्रत्येक वाक्याला तुम्ही "बरं, बरं" म्हणालात आणि शेवटी विचारलंत, "पण कोण बोलतंय?" म्हणून हे पत्र. कागदाला मोठ्यानं बोलावं लागत नाही.

तर विषय घरच्या कॉम्प्युटरचा आहे. तुम्हाला विचारायचं कारण असं की, नोकरीत असताना तुम्ही आणि आमचे हे, दोन्ही चुलत भाऊ, एमएस-सीआयटीच्या परीक्षेला एकत्रच बसला होतात. तुम्ही पहिल्या झटक्यात पास झालात, हे तिसऱ्या खेपेला झाले (आणि पुढची चार वर्षं प्रत्येक लग्नात तुम्ही ते पाहुण्यांना सांगितलंत, तेही माझ्या लक्षात आहे). तेव्हा आपल्या घराण्यात कॉम्प्युटरचं विचारावं असे तुम्हीच.

यांची अवस्था तुम्ही पावसाळ्यात पाहून गेलात. तुम्हाला त्यांनी ओळखलं, पण "रावसाहेब, दौऱ्यावर का?" असं विचारलं. त्यानंतर ते आणखी मागे गेलेत. आता ते मनानं कायम इंदापूरच्या जुन्या कचेरीत असतात. सकाळी साडेनऊला आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि दहाच्या ठोक्याला मधल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर. निवृत्त झाल्यावर घेतलेला तोच कॉम्प्युटर, त्यात ती 'सात' नावाची विंडोज. डाव्या कोपऱ्यातलं गोल बटण दाबायचं, दुसऱ्या ओळीवर जायचं, कोरा कागद उघडायचा आणि एक वाजेपर्यंत मराठीत टाइप करत बसायचं. मी कोण, हे त्यांना सांगता येत नाही. मी त्या कचेरीतली कुणीतरी बाई आहे. "बाई, पाणी द्या," म्हणतात, आणि दिलं की "आभारी आहे" म्हणतात. (पंचेचाळीस वर्षांत आभार मानले नाहीत ते आता मानतात. नोकरी लागली मला म्हातारपणी, पगार तेवढा नाही.) डॉक्टर म्हणाले, त्यांचा दिवस जसा चालतो तसा चालू द्या, त्यातली एकही वस्तू हलवू नका.

आणि आम्ही नेमकी तीच हलवली. झालं असं की नोव्हेंबर उजाडला, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. आमचा लेक कपिल सुट्टी काढून आला आणि म्हणाला, घरबसल्या भरू. पण सातमध्ये ते पान उघडेचना. मग त्यानं नारायणगावहून एका आदेश नावाच्या पोराला बोलावलं. तो मशीन उघडून, आतली धूळ फुंकून म्हणाला, "काकू, सातला आता कुणी वाली न्हाई. दहाचंबी दसऱ्यानंतर कंपनीनं हात वर केलं. ऱ्हायलं अकरा. पण तुमचं मशीन लई म्हातारं, त्याला अकरा झेपंल का, ती गॅरंटी मी नाय देत." मी दोन पुतण्यांची लग्नं जमवली, पण एवढी अडचणीची स्थळं कधी पाहिली नव्हती. सात घरचं, पण मागे कुणी नाही. दहा दिसायला बरं, पण नुकतंच पेन्शनीत निघालेलं. अकरा तरणंताठं, पण अटी फार. कपिलनं अकरा पसंत केलं. आदेशनं काहीतरी जुगाड करून ते नव्या डिस्कवर चढवलं आणि जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी ती शेवयांच्या डब्यात ठेवली, कारण घरात झाकण घट्ट बसतं असा तो एकच डबा आहे.

दुसऱ्या दिवशी दहाला हे बसले. हात सवयीनं डाव्या कोपऱ्यात गेला. अकरामध्ये ते बटण मधे सरकवलेलं असतं, आणि कोपऱ्यात हवामान. यांनी ते दाबलं तर पुण्याचं ऊन, क्रिकेट आणि व्यायाम करणारी एक बाई असं सगळं अंगावर आलं. हे गडबडून उठले. पेन उचललं, चष्म्याचं घर उचललं आणि मला म्हणाले, "माफ करा बाई, मी दुसऱ्याच्या टेबलावर बसलो." आणि जाऊन दारात उभे राहिले. आपलं टेबल कुठलं ते कुणीतरी येऊन सांगेल म्हणून बारा वाजेपर्यंत उभे होते, भावजी. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत. साहेब यायचेत, म्हणाले.

कपिल तोवर चाकणला कामावर गेला होता. त्यानं फोनवरून सांगितलं की बटण डावीकडे नेता येतं. मी दोन चष्मे बदलून दीड तासात ते नेलं (ही विद्या तुमच्या परीक्षेत नव्हती, तेव्हा थोडं कौतुक करा). पण बटण आलं तरी ते गोल नव्हतं, निळं चपटं होतं, आणि यांना ते पटेना. तिसऱ्या दिवशी त्या अकरानं स्वतःच काहीतरी काढलं आणि काचेवर आलं, काम चालू आहे, संगणक बंद करू नका. वरून लेखी आदेश आल्यासारखे हे त्याच्यासमोर पहाऱ्याला बसले. जेवायला उठेनात. मी दिवा बंद करायला गेले तर माझा हात धरला. ते काम वीस मिनिटांत संपलं होतं, हे मात्र संध्याकाळपर्यंत बसून होते, कारण उठायचा आदेश आला नव्हता.

मग आदेशला पुन्हा बोलावून दहा घातलं. बटण डावीकडे होतं, तेवढ्यानं मला हायसं वाटलं. पण हे टाइप करायला गेले आणि घोटाळा झाला. यांची बोटं टाइपरायटरवर शिकलेली. जुन्या मशीनमध्ये तशीच अक्षरं होती. नव्यात मराठी लिहायला इंग्रजी अक्षरं दाबावी लागतात म्हणे. जुनं अक्षर बसवायचं तर त्याची सीडी लागते आणि ती सीडी आम्ही मागेच पाखरं उडवायला कणसांत टांगली होती. हे 'महोदय' लिहायला गेले आणि काचेवर जे उमटलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मग त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहणं सोडून दिलं आणि आपलेच हात उलटेपालटे करून पाहत बसले. त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन रडले, सांगून टाकते. माणूस हयात आहे हे सरकारला कळवायला गेलो आणि घरातला होता तेवढाही माणूस घालवून बसलो.

शेवटी मीच शेवयांचा डबा काढला आणि आदेशला म्हटलं, हे लाव. तो म्हणाला, "काकू, ह्यात व्हायरस शिरंल." मी म्हटलं, शिरू दे, त्यालाही कुणाची तरी सोबत होईल. त्यानं नेटची वायर काढून टाकली आणि जुनं सात परत बसवलं. दुसऱ्या दिवशी दहाला यांचा हात कोपऱ्यात गेला, गोल बटण सापडलं, कोरा कागद उघडला, आणि "बाई, पाणी द्या," म्हणाले. हयातीचा दाखला कपिलनं त्यांना ओतूरला बँकेत नेऊन दिला. तिथे यांनी सही केली आणि वर त्या कारकुनाला त्याच्या रकान्यातली एक चूक दाखवून आले.

आता ते काय टाइप करतात ते सांगते, म्हणजे तुम्हाला अडचण कळेल. बदलीचा अर्ज. रोज नवा. इंदापूरहून जुन्नर तालुक्यात, गावाजवळ कुठेही, मिळेल त्या पदावर. रोज संध्याकाळी ते उठले की मी चष्मा लावून वाचते. त्यातला परवाचा उतारा जसाच्या तसा लिहिते: "अर्जदाराने यापूर्वी सात अर्ज केले असून एकाचेही उत्तर प्राप्त नाही. अर्जदाराची पत्नी अंगणवाडीचे काम करून शेती व वृद्ध सासू यांचे पाहते. सदर पत्नीने गेल्या दोन खेपेस अर्जदाराशी भांडण केलेले नाही. यावरून ती फार थकली असावी असे अर्जदाराचे नम्र मत आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा." त्याच्या आदल्या दिवशी लिहिलं होतं की, पत्नीच्या पायाला भेगा पडल्या असून अर्जदाराने आणलेले मलम ती सासूला लावते. हे खरं आहे, भावजी. मी सासूबाईंना लावायची. यांनी ते पाहिलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

कपिलला मी हे दाखवलं तर तो म्हणाला, मग बदली देऊन टाकू की. त्यानं बसून बदलीचा आदेश छापला, खाली साहेबांची सही ठोकली. यांनी तो उजेडाकडे धरला, पाठपोट पाहिला आणि निकाल दिला: जावक क्रमांक नाही, गोल शिक्का नाही, आदेश बनावट आहे. त्यावर लाल शाईनं 'चौकशी व्हावी' असा शेरा मारून माझ्याकडे दिला. कपिल आधी हसला, मग गोठ्यामागे जाऊन बराच वेळ उभा राहिला.

तेव्हा प्रश्न असा आहे. जुनी डिस्क आता कटकट वाजते. आदेश म्हणतो, आज जाईल, सहा महिन्यांनी जाईल, पण जाईल. सातवरच राहावं आणि ती जाईल त्या दिवशी यांना दारात उभं राहिलेलं पाहावं? की आत्ताच दहा घालून, ती जुनी अक्षरं कुठून तरी मिळवून, हळूहळू सवय लावावी? की अकराला गोल बटणाचं सोंग देता येतं, असं आदेश म्हणतो, ते करावं? सवय लावायला त्यांच्याकडे दिवस किती आहेत, हे कुणीच सांगत नाही. तुम्ही शिकलेले आहात, विचार करून कळवा. अकरा वर्षं ते इंदापूरला होते. महिन्यातून दोनदा यायचे, रविवारची भाकरी खाऊन परत जायचे. त्यांना तिकडेच बरं वाटतं, खानावळ आहे, सिनेमा आहे, असं मी धरून चालले होते. "एक अर्ज तरी केलात का कधी?" हे मी त्यांना निवृत्त झाल्यावरसुद्धा ऐकवत असे. ते ताटातला कांदा इकडचा तिकडे करायचे.

जाऊबाईंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. कांदे निघाले की पोतं पाठवते.

आपली नम्र,
फुलाबाई

ता. क. सात, दहा, अकराचं काही कळवलं नाहीत तरी चालेल. तुम्ही पास झालात त्याला वीस वर्षं झाली आणि आता तुमचा टीव्हीसुद्धा नात लावून देते, हे जाऊबाईंनी मला सांगितलंय. मला विचारायचं आहे ते दुसरंच. इंदापूरला पाच वर्षं तुम्ही यांच्या वर अव्वल कारकून होतात. बदलीचा अर्ज साहेबांकडे जायचा तो तुमच्या टेबलावरून. हे लिहितात ते अर्ज तेव्हा खरोखर आले होते का? की हे सगळं त्यांना आत्ता सुचतंय? नीट आठवून लिहा. यांना विचारायची सोय राहिली नाही.

पुन्हा ता. क. फार आठवत बसू नका. आले नसले, तरी आले होते असंच लिहा.