दोन बोटं सैल

१२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं आणि वॉर्डातल्या चादरी ठेवायच्या खोलीत मी ते उभ्याउभ्याच वाचलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले ते मला पटतं. बाबांच्या खुब्याचं हाड जुळलेलं नाही, सांध्याचा गोळा बदलावाच लागेल. पण मधल्या तापाने त्यांना इतकं पोखरलं आहे की आत्ता चिरलं तर जखम भरणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटी ते पुन्हा तपासणार आणि अंगात जीव आला असेल तरच हात लावणार. नाही तर बाबा कायमचे खाटेवर. ज्या शिंप्याने सगळं आयुष्य कापायच्या टेबलाशी उभं राहून काढलं, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण तू घाबरू नकोस, घाबरायचं खातं माझ्याकडे आहे. नववीत शाळा सोडलेल्या तुझ्या भावाला एक गोष्ट नीट येते, ती म्हणजे उठू न शकणाऱ्या माणसाचं वजन काढणं. इथल्या इस्पितळात आहारतज्ज्ञ बाईंचा मदतनीस म्हणून मी रोज तेच करतो. जो काट्यावर उभा राहू शकत नाही, त्याची गुडघ्यापर्यंतची उंची आणि दंडाचा घेर मोजायचा. त्या दोन मापांवरून उंचीचा आणि वजनाचा अंदाज निघतो आणि वजनावरून त्याला दिवसाला किती अन्न लागतं ते कळतं. बाबांना इथवर आणलं तर गाडीचे हादरे त्या हाडाला सोसणार नाहीत. तेव्हा मापं तू घ्यायचीस.

न मोडलेला पाय गुडघ्यात काटकोनात वाकव आणि टाचेच्या तळापासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत मोज. मग डावा हात घे. खांद्याचं हाड आणि कोपर यांचा मध्य काढून खडूने खूण कर, हात सैल सोडायला सांग आणि खुणेवर घेर घे. बाही वर सरकवायची नाही, शर्ट काढायचा. जुनी टेप ताणलेली असते, नवी वापर. प्रत्येक माप दोनदा घे. ते रोज काय खातात तेही लिही. टेप कशी धरायची ते मात्र लिहीत नाही. शिंप्याच्या लेकीला ते सांगणं म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवणं.

बाबांना नमस्कार. तुझी माया आहे तेवढीच असू दे, इंचभरही आत घेऊ नकोस.

तुझा,
धाकटा


१९ जुलै

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सूचना वाचून होईपर्यंत एक कोट शिवून झाला असता. खडू कोणत्या रंगाचा हवा ते तेवढं राहिलं.

बाबांनी मापं दिली, पण सुखासुखी नाही. आधी म्हणाले, कापड दिसत नाही आणि माप कसलं घेतेस? मी म्हटलं, धाकटा यावरून तुमचं वजन काढणार आहे. त्यावर म्हणाले, की गिऱ्हाईकाला वजन कधी विचारू नये, ते खोटंच सांगतं. गुडघा मुकाट्याने मोजू दिला, पावणेवीस इंच भरला. दंडाला टेप लावली मात्र, हात झटकला आणि म्हणाले, इतकी वर्षं हेच शिकवलं का तुला, माप घेतेस का जीव घेतेस? मग आपलं दुकानातल्यासारखं नीट घेतलं, तेव्हा कुठे स्वारी खूश झाली. साडेदहा इंच. दुसऱ्यांदाही तेवढंच.

सकाळी दूध-पाव खातात. दुपारी थोडा भात, डाळ, कधी अंडं. रात्री तेच, पण अर्ध्यावर ताट सरकवतात. मी आग्रह केला की म्हणतात, बसून खाणाऱ्याला एवढं कशाला. दुकान मी आणि मशीन अशा दोघी मिळून ओढतो आहोत. शाळांच्या गणवेशांचं काम आहे, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही. पलीकडच्या खोलीतून बाबा नुसत्या आवाजावरून ओरडतात, की दोरा ताणला जातोय, सैल कर. आणि तो खरंच ताणलेला असतो!

आता तुझं सांग. दुसऱ्यांच्या जेवणाचा हिशोब ठेवणारा स्वतः वेळेवर जेवतो का? मागच्या दोन पत्रांत विचारलं, दोन्ही वेळा तू विषय बदललास.

पत्राची वाट बघायला लावू नकोस, माझा राग तुला माहीत आहे.

तुझी,
ताई


२५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी चांगली आहे म्हणून आधी तीच लिहितो. तुझे इंच सेंटिमीटरमध्ये बदलून सगळं मांडलं. बाबांचं वजन निघतं एकसष्ट किलो. त्यांच्या उंचीला ते अगदी योग्य आहे. मी तीन वेळा मांडलं आणि तिन्ही वेळा हेच उत्तर आलं. शाळेत असं कधी झालं नव्हतं.

खाटेवरच्या माणसाला किलोमागे पंचवीस उष्मांक धरले, तर दिवसाला साधारण दीड हजार लागतात. तू लिहिलेलं जेवण त्याच्या थोडंच खाली आहे. रोज एक पेला दूध वाढव की भागलं. बाई रजेवर आहेत, नाही तर त्यांना दाखवलं असतं. पण इतक्या सरळ हिशोबात दाखवण्यासारखं काही नाही. ताट सरकवलं म्हणून बाबांना टोकू नकोस, चिडले की ते अजून कमी खातात. ऑक्टोबरपर्यंत आपण सहज पोहोचू.

वॉर्डात सध्या गर्दी आहे. एका आजींनी माझं नाव टेपवाला ठेवलं आहे. मी दिसलो की त्या आपोआप दंड पुढे करतात.

बाबांना नमस्कार. माझ्यावरची मर्जी धुतल्यावर आटणाऱ्या कापडासारखी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


१४ ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा एकसष्टचा आकडा मी खडूने कपाटाच्या दारावर लिहून ठेवला आणि बाबांना टोकणं सोडून दिलं. घरात शांतता आहे.

तरी एक लिहिते, हसू नकोस. हात रिकामे नकोत म्हणून काल त्यांना काजं करायला दिली, तर अंगुस्तान बोटातून सारखं गळून पडत होतं. इतकी वर्षं त्याच बोटात बसलेलं ते पितळेचं टोपण! म्हणाले, पितळ आहे, उन्हाने पसरलं असेल. घरातला शर्ट त्यांना झोळीसारखा व्हायला लागला म्हणून मी तो दोन्ही बाजूंनी आत घेतला. एका टाचेवर लाल चट्टा दिसतो, बोटाने दाबला तरी जात नाही. दुधाचा पेला घेतात, पण मग जेवत नाहीत.

मला ते वाळल्यासारखे दिसतात. पण आकडा एकसष्ट म्हणतो. तेव्हा माझ्याच चष्म्याचा नंबर वाढला असेल. तू रोज अशी माणसं बघतोस, तुझा शब्द खरा. फक्त एकदा लिही की काळजीचं कारण नाही, म्हणजे मला झोप लागेल.

आणि जेवतोस का, ते याही वेळी लिहिलं नाहीस.

तुझ्या शब्दावर टेकलेली,
ताई


१८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या चष्म्याला काहीही झालेलं नाही. आकडा चुकला आहे आणि कुठे चुकला तेही मला सापडलं आहे.

आज सकाळी तुझं पत्र खिशात ठेवून मी त्या आजींचा दंड मोजत होतो. माझी बाही आड येत होती म्हणून ती वर सरकवायला बोटं आत घातली. बाबांनी शिवलेलाच शर्ट आहे. बरोबर दोन बोटं आत गेली, घट्ट नाही, ढिली नाही. मी तसाच उभा राहिलो. आजींनी विचारलं, की बाळा, बरं वाटत नाही का?

ताई, आपल्या दुकानात माप कसं घेतात? दोन बोटं आत, वर टेप. माणसाला हलायला जागा हवी म्हणून. इथे तसं चालत नाही. टेप कातडीला टेकलेली हवी. रुतायला नको आणि मध्ये फटही नको. तू बाबांचा दंड मोजलाच नाहीस, त्यांच्या बाहीचं माप घेतलंस. तुझा यात काडीचा दोष नाही. माशाच्या पिलाच्या गप्पा मारण्याऐवजी एवढी एक ओळ मी लिहायला हवी होती.

दोन बोटांचा दीड इंच वजा करून पाहिलं, तर वजन पन्नासालाही पोहोचत नाही. खरा घोळ त्याच्या पुढे झाला. वजन कमी धरलं, तर किलोमागे पंचवीसच्या हिशोबाने अन्नही कमीच निघतं! वाळलेल्या माणसाला अजून कमी वाढा, असं माझंच गणित मला सांगायला लागलं. मी तसाच बाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की गणित बरोबर आहे, प्रश्न चुकला आहे. पंचवीसचा हिशोब असलेलं शरीर आहे तसं राखण्याचा आहे. तुझ्या वडिलांचं शरीर राखायचं नाही, भरायचं आहे. पस्तीसपर्यंत न्यायचं, पण पायरीपायरीने; खंगलेल्या शरीरावर एकदम मारा केला तर रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेततं.

म्हणून हे पत्र मिळताच दंड पुन्हा मोज. मग तिथल्या डॉक्टरांना हे सगळं सांग, रक्त तपासून घे आणि ते म्हणतील तेव्हाच वाढवायला लाग. पहिला आठवडा आत्तापेक्षा थोडंसंच जास्त. पुढे मोठं ताट नको, ते बघूनच भूक मरते. थोड्या थोड्या वेळाने लहान वाटी दे आणि प्रत्येक वाटीत काहीतरी अंगी लागणारं असू दे. अंडं, दही, शेंगदाण्याचं कूट, वरून चमचाभर तेल. दूध जेवणाआधी नको, नंतर दे. पोटरीखाली उशी घाल, टाच अधांतरी राहू दे आणि कूस बदलत राहा. चट्टा डॉक्टरांना दाखव.

तू लिहायला सांगितलंस, की काळजीचं कारण नाही. ते मी लिहिणार नाही. कारण आहे, पण आता ते कुठे आहे ते आपल्याला कळलं आहे. वेळ पुरेसा आहे. जमेल.

रागाव हवं तेवढं, पण पत्र पाठव.

तुझा,
धाकटा


६ सप्टेंबर

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

नऊ इंच.

या वेळी टेप कातडीला टेकवली आणि आकडा बाबांनाच वाचायला लावला. मग म्हणाले, की हा दंड दुकानात आला असता तर मी गिऱ्हाईकाला सांगितलं असतं, आधी जेवून या, मग माप देतो. आणि तापानंतर पहिल्यांदाच त्यांनी आपणहून खायला मागितलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, तुझ्या बाईंचं म्हणणं बरोबर आहे म्हणाले आणि सोबत गोळ्या दिल्या. पहिला आठवडा बाबा अजून मागत होते आणि मी देत नव्हते, अशी उलटी गंगा वाहत होती. आता पायरीपायरीने वाढवते आहे. त्यांनी हे काम ऑर्डरसारखं अंगावर घेतलंय. गिऱ्हाईकाला तारीख दिली की माल तयार पाहिजे, असं म्हणतात आणि नको असलेली वाटीसुद्धा नाक मुरडून संपवतात. तेलाचा चमचा मशीनला घाल म्हणतात, मला कशाला. पण घेतात. टाचेवरचा चट्टा फिका झाला.

एक विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. म्हटलं, दुसऱ्याचं माप नुसतं बघून सांगणारा माणूस तुम्ही, स्वतःचा दंड कळला नाही तुम्हाला? त्या दिवशी हात झटकून टेप सैल का करायला लावलीत? ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, की पोरगं लांब आहे, एकटं आहे. त्याला थोडी मोकळीक नको?

मी उठले. वाटी भरून आणली.

रागावलेली नाही, उगाच घाबरू नकोस.

तुझी,
ताई


१६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी कापायच्या टेबलावर लिहितो आहे. उभ्याने. एक हात वॉकरवर आहे, म्हणून अक्षर तिरकं येतंय. तुझी ताई पाठीमागे पहारेकऱ्यासारखी उभी आहे, तेव्हा थोडक्यात लिहितो.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी पुन्हा दंड मोजला. टेप जरा ढिली धरली होती. मी म्हटलं, आवळा डॉक्टर, आता भीती नाही. साडेनऊला सूतभर कमी भरला. ते म्हणाले, अजून बारीक आहात, पण सुधारणा चांगली आहे, करू या. जखम कोरडी आहे. अंगुस्तानात अजून कागदाची घडी घालावी लागते, पण घडी पातळ होत चालली आहे. तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी कधी ब्लाऊज शिवायला दिला तर माप त्यांच्या पद्धतीने घेणार नाही, हेही सांग.

ताई प्रत्येक पत्रात विचारते, की जेवतोस का आणि तू उत्तर देत नाहीस. तिला घोर लागलेला असतो. मला तो ऑगस्टपासून नाही. त्या पत्रात तू लिहिलं होतंस, की मी शिवलेल्या तुझ्या शर्टाच्या बाहीत बरोबर दोन बोटं गेली. तू इथून निघालास तेव्हा मी दोनच ठेवली होती. म्हणजे परक्या ठिकाणी, परक्या स्वयंपाकावर तू होतास तेवढा आहेस. बाकीचं पत्र आम्हा दोघांना रडवणारं होतं, पण त्या ओळीवर मी शांत झोपलो.

तो शर्ट आता विरला असेल. टेबलावर पांढरं कापड पसरलं आहे. आधी तुझाच शर्ट कापायचा आहे. दंडाचं माप पाठव. टेप कातडीला टेकवून घे, आता तुला येतंच.

दोन बोटं मी घालीन.

तुझा,
बाबा