परातीसकट

मी, गोविंदा उकंडराव शिरसाट, वय वर्षे चौऱ्याहत्तर, काम पाळकपण, राहणार कामरगाव, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या ओट्यावर बसून, स्वतःच्या हाताने आणि कोणीही मागे न लागता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही असे वकील प्रसेनजित यांनी सांगितले आहे. चाळीस वर्षे मी लोकांना मरणाची तयारी ठेवा म्हणून सांगत आलो आणि स्वतःची तयारी आत्ता करतो आहे, हे वाचणाऱ्याने पोटात ठेवावे.

पाळकाचे नाव गोविंदा कसे, असे कचेरीत विचारतील, म्हणून खुलासा. बाप्तिस्म्याच्या वेळी पोरांची नावे बदलायची का, असे माझ्या वडिलांना विचारले होते. ते म्हणाले, "देव नाव इसरत नाही, पण पोस्टमन इसरते. राहू द्या." म्हणून राहिले.

कलम १. कामरगावचे दोन खोल्यांचे टिनाचे घर व मागचा कडुनिंब माझी एकुलती मुलगी तनुजा, जी अकोल्यास नर्स आहे, तिला मिळावा. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी लागत नाही. ती लावण्याचा प्रयत्न तिच्या आईने तीस वर्षे केला, तिने करू नये. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. ते पाहून तिने मोठ्याने हसू नये.

कलम २. प्रवचनांच्या एकसष्ट वह्या बसस्टँडवरच्या भजेवाल्याला द्याव्यात. निदान लोक हातात धरतील, आणि भजी संपल्यावर एखादा वाचेलही. ज्या वहीवर लाल फडके बांधले आहे ती मात्र तनुजाने ठेवावी. त्यात प्रवचने नाहीत. माझी पत्नी अंजना मी प्रवचन करताना समोरच्या बाकावरून ज्या खुणा करायची, त्या मी घरी येऊन लिहून ठेवीत असे. कानाला हात म्हणजे आवाज वाढवा. पदर सारखा केला म्हणजे पुरे करा. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून मला कुठे थांबायचे ते कळत नाही, आणि मंडळी भली आहे म्हणून ऐकून घेते.

कलम ३. चर्चची घंटा, म्हणजे ट्रकच्या चाकाची जुनी डिस्क, मंडळीचीच आहे. ती वाजवायचा लोखंडी दांडा माझा आहे, तोही मंडळीला दिला.

कलम ४. माझी सायकल शोधू नये. ती कुठे गेली ते पुढे येईल.

~~कलम ५. खाटेखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळी परात माझ्या पश्चात शेजारीण रुपाबाई यांना द्यावी आणि माझ्या वतीने माफी मागावी.~~

हे कलम मी स्वतः रद्द केले आहे. वाचता यावे म्हणून एकच रेघ मारली आहे. कारण सांगतो.

आमच्याकडे कापणीच्या सणाला जो तो आपल्या शेतातले पहिले पीक देवापुढे आणतो आणि उपासनेनंतर चर्चच्या वट्ट्यावर त्याचा लिलाव होतो. माल चादरीवर ओतायचा, भांडे ज्याचे त्याला परत, अशी रीत. पुकारणारा मी. एकदा एकाने बकऱ्यावर बोली लावली आणि बायकोचे तोंड पाहून माघार घेतली. तेव्हापासून मी नियम केला होता की देवाच्या वट्ट्यावर बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता.

सतरा वर्षांपूर्वी रुपाबाईंनी आपल्या वाडीतली वांगी परात भरून आणली. वांगी सगळ्यांच्याच घरी होती, बोली काही चढेना. लोकांना हसवावे म्हणून मी परात डोक्यावर उचलली आणि ओरडलो, "घ्या, परातीसकट!" लोक हसले. जऊळक्याहून पाहुणे म्हणून आलेले भाऊसिंग हसले नाहीत. त्यांनी बोली वाढवली, आणि माझ्या तोंडून सवयीने एकवार, दोनवार, तीनवार होऊन गेले.

परातीच्या काठावर नाव कोरलेले होते: 'रुपास, आईकडून'. ते मी वर धरल्यावर वाचले.

परत द्या म्हणून मी भाऊसिंगांना हळूच विचारले. ते म्हणाले, "पाष्टर, नियम तुमचाच हाये ना?" मी नियम पाळला. नियमामागे लपलो, असे लिहिले तर जास्त खरे होईल. रुपाबाई पदर सावरून निघून गेल्या.

चर्च त्यांनी सोडले नाही. दर रविवारी येत, गात. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचे ताट आले की तसेच पुढे सरकवीत. माझ्या हातची भाकर त्यांनी घेतली नाही. भाकरीचे तुकडे आम्ही माणसे मोजून करतो, त्यामुळे दर महिन्याला ताटात एक तुकडा उरायचा. सतरा वर्षे मी तो उरलेला तुकडा पाहत आलो. पाळकाला याहून मोठी शिक्षा मला माहीत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी सायकल जीपच्या टपावर टाकून जऊळक्याला नेली, भाऊसिंगांना दिली आणि परात घेऊन आलो. पण ती खाटेखालीच राहिली. माझ्या घरापासून रुपाबाईंचे दार दोनशे पावलांवर आहे. अंजना म्हणायची, "अवो, साऱ्या दुनियेले माफी मागाले सांगता, मंग तुमाले काय झालं? जा ना." मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात जातो. या सहा वर्षांत क्षमेवर माझी चार प्रवचने झाली. चारही चांगली झाली.

आता मृत्युपत्राला दोन साक्षीदार हवेत. एक प्रसेनजित. दुसऱ्या रुपाबाईच असाव्यात असा माझा हट्ट होता, कारण माझे मन राखायला खोटे न बोलणारे गावात तेवढेच एक माणूस आहे. शिवाय त्यांना सही करायला मीच शिकवले, याच ओट्यावर, साक्षरतेच्या वर्गात. पण कलम ५ वाचून प्रसेनजितने पेन खाली ठेवला.

"काका, आपल्या दोघाईचा कायदा इथं येगळा हाये. तुमच्या ख्रिस्ती लोकाईच्या कायद्यात, ज्याले वस्तू लिहून देली त्यानंच साक्षीदार म्हणून सही केली, त ते देणं रद्द होते. एक त बाईले परात द्या, नाही त सही घ्या."

"दोनी पायजे असन त?"

"मंग जित्तेपणी हातानं नेऊन द्या. मरून माफी मांगाचा लय सोपा रस्ता काढला होता तुमी."

गुरुवारी सकाळी मी परात घेऊन गेलो. मोजली, दोनशे बारा पावले आहेत.

रुपाबाईंनी परातीवरचा कागद सोडला. काठावरच्या अक्षरांवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "घासली काहून नाही?"

मी म्हणालो, "चुकलो, रुपाबाई. तवाच वट्ट्यावरून उतरून म्हणाले पायजे होतं."

"तेच त मनात म्हणत होती मी सतरा वर्सं. परातीचं काय घेऊन बसले तुमी? तुमी खाली उतराल न एवढं म्हणाल, म्हणून वाट पाह्यली मी."

मग त्यांनी चिंच आणि राख लावून परात घासली, त्याच परातीत ज्वारीचे पीठ मळले आणि मला ठेच्यासोबत भाकर वाढली. मी खाल्ली. रडलो, हेही लिहून ठेवतो. तिखट जास्त होते असे नंतर कोणी म्हणेल, तर ते खोटे समजावे.

कलम ६. मंडळीला मी एक नियम देतो, जुन्याच्या बदल्यात: देवाच्या वट्ट्यावर चुकून बोललेला शब्द त्याच वट्ट्यावर मागे घेता येईल, आणि पाळकाने तो सर्वांआधी घ्यावा.

कलम ७. मला अंजनाशेजारी पुरावे. प्रवचन दहा मिनिटांचे असावे. कोणीतरी समोर बसून पदर सारखा करावा.

आज महिन्याचा पहिला रविवार आहे. सह्या उपासनेनंतर होत आहेत. ताटात तुकडा उरला नाही.

ठिकाण: कामरगाव
दिनांक: २ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: गोविंदा उकंडराव शिरसाट (सही)

लिहून ठेवणाऱ्याने आम्हां दोघांसमक्ष सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार १: प्रसेनजित, वकील, कारंजा (सही)

साक्षीदार २: रुपाबाई, कामरगाव (सही)

सहीपूर्वी साक्षीदार क्रमांक २ यांनी सर्व मजकूर वाचून घेतला आणि दुरुस्ती सांगितली, ती त्यांच्याच शब्दांत नोंदवतो: "वांगे नोयते, दोडके होते. बाकी सारं बराबर हाये."